मुलांची एआरटी औषधं आणि त्यांचे दुष्परिणाम: गोव्यातल्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचे आईवडील, आजी-आजोबा, मावश्या आणि वसतिगृहातल्या ताई जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या विषाणूला दाबून ठेवणारी, रोज घ्यायची औषधं. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा देण्याऐवजी जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मुलाच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांच्यासमोर मुलाचे रक्ताचे अहवाल असतात, आमच्यासमोर नाहीत.

१. माझ्या मुलाला नेमकी कोणती औषधं चालू आहेत, हे कसं ओळखायचं?

बाटलीच्या रंगावरून ओळखू नका. कंपनी बदलली की रंगही बदलतो. लेबलवरची नावं वाचा, किंवा जिथून औषधं मिळतात त्या एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडून एका चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या. बहुतेक मुलांना तीन औषधं असतात. एकाच गोळीत दोन किंवा तिन्ही असू शकतात, म्हणून गोळ्यांची संख्या आणि औषधांची संख्या जुळत नाही. लहान मुलांना साधारणपणे अबाकाविर आणि लॅमिव्युडिन यांची जोडगोळी मिळते आणि तिच्यासोबत डोल्युटेग्राविर किंवा लोपिनाविर-रिटोनाविर असतं. वय १० आणि वजन ३० किलोच्या पुढे गेलं की अबाकाविरच्या जागी बहुधा टेनोफोविर येतं. काही मुलं अजून झिडोव्युडिन, नेव्हिरापिन, इफाविरेन्झ किंवा अटाझानाविरवर आहेत. पुढची बहुतेक उत्तरं औषधाच्या नावावर ठरतात, म्हणून ही चिठ्ठी आधी तयार करा.

२. दुष्परिणाम प्रत्येक मुलाला होतातच का?

नाही. पुष्कळ मुलांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांच्यात मळमळ, पोट बिघडणं, डोकं दुखणं, भूक मंदावणं हेच जास्त दिसतं, आणि ते सहसा दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. धोक्याच्या प्रतिक्रिया थोड्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा पहिल्या दोन-तीन महिन्यांत डोकं वर काढतात. काही परिणाम मात्र हळूहळू साचतात: रक्तातली चरबी, मूत्रपिंड, हाडं. ते मुलाकडे बघून कळत नाहीत, तपासणीतच कळतात. मूल खेळतंय, जेवतंय म्हणून रक्त तपासायची तारीख चुकवू नका.

३. कोणत्या लक्षणांवर रात्रीसुद्धा धावायचं?

खालीलपैकी एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलणं किंवा चेहरा सुजणं
- धाप लागणं किंवा श्वास खोल आणि भराभर चालणं, त्यासोबत उलट्या आणि गळून जाणं
- डोळे पिवळे आणि लघवी गडद, मूल सुस्त किंवा गोंधळलेलं
- पोटात असह्य दुखणं आणि थांबत नाहीत अशा उलट्या
- झटका येणं, स्वतःला इजा करण्याची भाषा

१०८ ला फोन करा. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जायचं असा हट्ट त्या वेळी धरू नका. म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याचं सरकारी रुग्णालय जवळ असेल तर आधी तिथे गाठा. औषधांच्या बाटल्या पिशवीत टाकून न्या. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला त्यांचा जितका उपयोग होतो, तितका तोंडी वर्णनाचा होत नाही.

४. अबाकाविरच्या ॲलर्जीला सगळे इतके का घाबरतात?

कारण ही एकच प्रतिक्रिया अशी आहे की औषध थांबवून पुन्हा सुरू केलं तर काही तासांत जीव जाऊ शकतो. ती थोड्याच मुलांना होते, आणि ज्यांच्यात एचएलए-बी ५७:०१ नावाचा जनुकीय प्रकार असतो त्यांच्यात विशेष. बहुतेक वेळा ती पहिल्या सहा आठवड्यांत येते.

ओळखायची खूण अशी. ताप, अंगावर पुरळ, उलटी-जुलाब-पोटदुखी, गळून जाणं-अंगदुखी, खोकला-धाप या पाच गटांपैकी दोन किंवा जास्त गटांतली लक्षणं एकत्र येतात आणि प्रत्येक डोसनंतर वाढतात. पुरळ असलंच पाहिजे असं नाही. नुसती सर्दी असेल तर ती डोसच्या वेळेशी बांधलेली नसते.

असं वाटलं तर पुढच्या डोसची वेळ येण्याआधी डॉक्टरांपर्यंत पोचा. अबाकाविर बंद करायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. आणि एकदा ते ॲलर्जीमुळे बंद केलं की कायमचं बंद. मुलाच्या पुस्तिकेवर लाल शाईने लिहून घ्या आणि केंद्र बदललं तर तिथे पहिलं वाक्य हेच सांगा. उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, केंद्रात परत द्या; वर्षभराने कोणीतरी "ह्या शिल्लक होत्या" म्हणून देतं आणि घात होतो.

५. पावसाळ्यात मुलाला ताप आला आणि अंगावर लाल पुरळ उठलं. डेंग्यू समजायचा की गोळ्यांचा परिणाम?

जून ते ऑक्टोबरात हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि तो रास्त आहे. दोन्हीत ताप, दोन्हीत पुरळ, दोन्हीत अंगदुखी आणि उलटी.

आधी औषध सुरू होऊन किती दिवस झाले ते मोजा. अबाकाविर किंवा नेव्हिरापिन सुरू करून दोन महिनेही झाले नसतील तर औषधाचा संशय पहिला. मूल दोन वर्षं त्याच गोळ्यांवर असेल आणि एकही खंड पडला नसेल तर अबाकाविरच्या ॲलर्जीची शक्यता फारच कमी, म्हणून डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस यांच्याकडे आधी पाहावं लागतं. अशा वेळी घाबरून एआरटी बंद करणं हीच खरी चूक. ताप उतरेपर्यंत आठ दिवस गोळ्या बंद ठेवणारी घरं बरीच आहेत. त्यातून डेंग्यू बरा होत नाही, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तेवढा वाढतो.

पुरळ केव्हा आलं तेही पाहा. डेंग्यूत ते बरेचदा तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर येतं आणि रक्तात प्लेटलेट घसरतात. अबाकाविरच्या प्रतिक्रियेत गोळी घेतल्यावर काही तासांनी सगळंच वाढतं आणि दुसऱ्या डोसपर्यंत थोडं निवळतं. घरी वहीत डोसची वेळ आणि तापाचा आकडा शेजारी शेजारी लिहिलात तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

नक्की काय ते रक्त तपासूनच कळेल. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल द्या, दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊ नका: डेंग्यूत रक्तस्रावाची भीती असते, आणि मूल टेनोफोविरवर असेल तर मूत्रपिंडावरही ताण पडतो.

६. पुरळ आहे, पण ताप नाही आणि मूल खेळतंय. तरी काळजी करायची का?

करा, पण धावपळ नको. केंद्राला त्याच दिवशी फोन करा. नेव्हिरापिन दोन आठवडे अर्ध्या मात्रेत देऊन मग पूर्ण करतात. या पंधरवड्यात पुरळ आलं तर ते जाईपर्यंत मात्रा वाढवत नाहीत, म्हणून ठरलेल्या तारखेला आपोआप दुप्पट डोस सुरू करू नका. दुसरा नेहमीचा गुन्हेगार एआरटी नसतोच, तो असतो कोट्रायमोक्साझोल. एचआयव्हीची बाधा झालेल्या आईच्या बाळाला हे औषध सहा आठवड्यांच्या वयापासून जंतुसंसर्ग टाळण्यासाठी देतात, आणि त्यातल्या सल्फाची ॲलर्जी काहींना असते. दोन औषधं एकाच दिवशी सुरू झाली की पुरळ कशाचं ते शोधणं अवघड जातं. म्हणून कोणतं कधी सुरू झालं ते लिहून ठेवा. लक्षणं प्रश्न ३ मधल्यांकडे झुकली तर थांबू नका.

७. गोळी दिली आणि मुलाने ओकून टाकली. परत द्यायची का?

डोस दिल्यापासून ३० मिनिटांच्या आत उलटी झाली तर पूर्ण डोस पुन्हा द्या. त्यानंतर झाली तर पुन्हा देऊ नका, पुढचा डोस ठरल्या वेळी. दुसऱ्यांदाही ओकलं तर तिसऱ्यांदा न देता फोन करा. रोजच उलटी होत असेल तर मळमळ हाच दुष्परिणाम आहे की चवीमुळे मूल नाकारतंय, हे आधी पाहा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत (प्रश्न ८). मेडिकलमधून उलटीचं औषध आपल्या मनाने आणू नका. डोमपेरिडोन घरोघरी असतं, पण रिटोनाविरसोबत ते रक्तात साचून हृदयाची लय बिघडवू शकतं.

८. लोपिनाविरचं सिरप इतकं कडू आहे की मूल तोंडच उघडत नाही. काय करू?

सिरपमध्ये जवळपास ४२ टक्के अल्कोहोल असतं, म्हणून ते जिभेला झोंबतंही. आधी बर्फाचा खडा किंवा थोडं आईस्क्रीम चोखायला द्या, जीभ बधिर होते. मग डोस गालाच्या आतल्या बाजूला सिरिंजने, थोडा थोडा. लगेच मागून गूळ किंवा पिकलं केळं. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नका. सिरप अन्नासोबतच द्यायचं, रिकाम्या पोटी ते कमी शोषलं जातं. बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. २५ अंशांखाली ती दोन महिने बाहेर टिकते, पण गोव्यात घराच्या आत २५ अंशांखाली पारा कितीसा उतरतो?

दाणे भरलेल्या कॅप्सूल मिळत असतील तर फ्रिजची कटकट नाही. कॅप्सूल उघडून दाणे मऊ पेजेवर किंवा केळ्याच्या लगद्यावर पसरा आणि लगेच भरवा. दाणे चिरडायचे नाहीत, चावू द्यायचे नाहीत, गरम पेजेत ढवळायचेही नाहीत. आवरण विरघळलं की कडूपणा बाहेर येतो आणि मूल दुसऱ्या दिवसापासून पेजच सोडतं.

आणि एक चूक वारंवार होते. लोपिनाविरची गोळी तोडून किंवा कुटून देतात. कुटल्यावर शरीरात पोचणारं औषध जवळजवळ निम्म्यावर येतं. मूल रोज गोळी घेतं आणि तरी व्हायरल लोड वाढतो, त्यामागे कधी कधी घरातला खलबत्ता असतो.

९. जुलाब सुरू झालेत. औषध बदलायला सांगू का?

लोपिनाविरने शौच पातळ होणं अगदी नेहमीचं आहे आणि बहुतेक मुलांत ते काही आठवड्यांत सुधारतं. एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसचं एक पूर्ण पाकीट घाला. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली द्या. पेज, दही-भात, केळं चालू ठेवा. उपाशी ठेवू नका. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा तास लघवी नाही, असं काही असेल तर रुग्णालय गाठा.

जुलाबात झिंकची गोळी १४ दिवस देतात: सहा महिन्यांखाली १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. मूल डोल्युटेग्राविरवर असेल तर ही गोळी त्यासोबत देऊ नका. का, ते पुढच्याच उत्तरात.

१०. रक्तवाढीचं टॉनिक, कॅल्शियमच्या गोळ्या, शाळेत मिळणारी लोहाची गोळी हे सगळं एआरटीसोबत चालतं का?

डोल्युटेग्राविर सोडून बाकी बहुतेकांसोबत चालतं. डोल्युटेग्राविर मात्र लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांना पोटातच चिकटतं आणि शरीरात शोषलं न जाता बाहेर पडतं. दुष्परिणाम दिसत नाही, नुसतं औषध वाया जातं, म्हणून हा घोळ कितीतरी महिने कळत नाही.

नियम असा: डोल्युटेग्राविर आधी आणि ही पूरकं किमान २ तासांनी, किंवा पूरकं आधी आणि डोल्युटेग्राविर किमान ६ तासांनी. लोह किंवा कॅल्शियम आणि डोल्युटेग्राविर पोटभर जेवणासोबत एकत्र घेतलं तर चालतं. ॲसिडिटीच्या पांढऱ्या औषधाला मात्र ही सवलत नाही.

शाळेतली लोहाची गोळी दुपारी माध्यान्ह आहारानंतर मिळते. डोल्युटेग्राविर सकाळी सातला किंवा रात्री आठला ठेवलं तर ती आपोआप नियमात बसते आणि शाळेत कोणाला काही सांगावंही लागत नाही. गडबड होते ती दुपारी तीन-चारला डोस ठेवणाऱ्यांची. दूध, नाचणीची आंबील, मासळी या रोजच्या जेवणाने काही बिघडत नाही. बंधन गोळ्या आणि टॉनिकांवर आहे.

११. झिडोव्युडिन सुरू झाल्यापासून मूल फिकट दिसतं. आणि नखं काळसर का झाली?

फिकटपणा गंभीर असू शकतो. झिडोव्युडिन हाडांच्या मज्जेतली रक्तपेशींची निर्मिती मंदावतं, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि काही पांढऱ्या पेशी घटतात. म्हणून रक्त पंधराव्या दिवशी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला, सहाव्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासायचं असतं. जिना चढताना धाप, छाती धडधडणं, सतत झोपून राहणं दिसलं तर तारखेची वाट पाहू नका. नुसत्या लोहाच्या टॉनिकाने हा पांडुरोग (ॲनिमिया) भरून येत नाही, कारण कमतरता लोहाची नसते. अहवालात लाल पेशींचा आकार वाढलेला दिसेल. तो या औषधाचा ठसा आहे, वेगळा आजार नाही.

नखांवरच्या निळसर-काळ्या रेघा निरुपद्रवी आहेत.

१२. डोळे पिवळे झाले. कावीळ आहे का?

अटाझानाविरवर असलेल्या मुलात डोळे पिवळे होणं नेहमीचं आहे. हे औषध बिलिरुबिनची (डोळे पिवळे करणाऱ्या रंगद्रव्याची) विल्हेवाट मंदावतं. यकृताला इजा झालेली नसते, आणि मूल जेवतंखातं असेल तर औषध चालू राहतं. मोठ्या मुलांना वर्गात चिडवतात, तेवढ्यासाठी औषध बदलून मागणं हे वाजवी कारण आहे, संकोच करू नका.

इतर कोणत्याही औषधावर डोळे पिवळे झाले तर प्रकरण वेगळं. नेव्हिरापिन, इफाविरेन्झ, क्षयरोग टाळण्यासाठी दिलेलं आयसोनियाझिड यांनी यकृताला खरीच सूज येऊ शकते. त्याच दिवशी दाखवा. काविळीसाठी झाडपाला पाजणं, हातावर डाग देणं यात जे दोन-तीन दिवस जातात, तेच महाग पडतात.

१३. मुलगी रात्री दचकून उठते, भयंकर स्वप्नं सांगते. गोळ्यांमुळे का?

इफाविरेन्झ असेल तर बहुधा हो. चक्कर, विचित्र स्वप्नं, वर्गात लक्ष न लागणं हे पहिल्या दोन ते चार आठवड्यांत जास्त असतं. ते रात्री झोपताना, रिकाम्या पोटी द्या. तुपातेलाच्या जेवणासोबत घेतलं की रक्तातलं प्रमाण वाढतं आणि त्रासही. चतुर्थीच्या नाहीतर नाताळाच्या जेवणानंतर "आज जास्तच गरगरलं" असं मुलं सांगतात त्याचं कारण हेच. तीन वर्षांखालच्या मुलांना हे औषध देत नाहीत.

डोल्युटेग्राविरनेही काहींची झोप उडते. तो डोस सकाळी हलवला की बरेचदा प्रश्न सुटतो. महिन्यानंतरही उदासी, चिडचिड किंवा शाळेतली घसरण तशीच असेल तर औषध बदलण्याबद्दल बोला. पण किशोरवयातल्या उदासीचं खापर दर वेळी गोळीवर फोडू नका. घरात आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय हे दहा-अकरा वर्षांच्या मुलाला कळतं. आजाराचं नाव वयानुसार कसं सांगायचं, यासाठी समुपदेशकाची मदत घ्या.

१४. वजन भराभर वाढतंय. आणि मोठ्या मुलाचे गाल मात्र बसलेत.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपचाराने तब्येत सुधारली की वजन वाढतंच, ते हवंच. डोल्युटेग्राविरवर काही मुलांचं, विशेषतः किशोरवयीन मुलींचं, त्याहून जास्त वाढतं. गोळी चुकवून वजन उतरवायचा प्रयोग मुली गुपचूप करतात, त्यावर नजर ठेवा. पाव-भजी आणि शीतपेयं कमी करणं जास्त उपयोगी.

बसलेले गाल, काटकुळे हातपाय आणि उघड्या शिरा हा बहुतेकदा स्टॅव्हुडिनचा जुना ठसा. ते औषध आता वापरात नाही. झिडोव्युडिनने हे कमी प्रमाणात होऊ शकतं. गेलेली चरबी पूर्ण परत येईलच असं नाही, पण लवकर बदललं तर वाढत नाही. लोपिनाविरवर असलेल्या मुलांच्या रक्तातली चरबी आणि साखर तपासून घ्या.

१५. टेनोफोविर सुरू केल्यावर क्रिएटिनिन वाढलं. मूत्रपिंड बिघडलं का?

कदाचित नाही. सोबत डोल्युटेग्राविर असेल तर ते मूत्रपिंडातून क्रिएटिनिन (रक्तातला एक टाकाऊ पदार्थ) बाहेर पडण्याची एक वाट अडवतं. त्यामुळे पहिल्या महिन्यात आकडा थोडा वर जातो आणि तिथेच थांबतो. मूत्रपिंडाचं काम तसंच चालू असतं. टेनोफोविरमुळे इजा होत असेल तर आकडा चढतच राहतो, लघवीत प्रथिनं किंवा साखर दिसते, तीही रक्तातली साखर नॉर्मल असताना. फार तहान, वारंवार लघवी, हाडं दुखणं हे सांगायलाच हवं. वाढत्या वयात हाडांची घनताही थोडी कमी होऊ शकते, म्हणून लहान आणि हलक्या मुलांना हे औषध टाळतात.

१६. मूल बरं आहे, तरी डोस वाढवला. आजार वाढला का?

नाही, मूल वाढलं. मुलांचा डोस वजनाच्या टप्प्यांवर असतो. उदाहरणार्थ पाण्यात विरघळणारी डोल्युटेग्राविरची १० मिलिग्रॅमची गोळी: ६ ते ९.९ किलोला दीड, १० ते १३.९ किलोला दोन, १४ ते १९.९ किलोला अडीच. वीस किलोपासून ५० मिलिग्रॅमची एक गिळायची गोळी. जुनाच डोस चालू राहिला तर विषाणूला डोकं वर काढायला जागा मिळते. म्हणून दर भेटीत वजनकाट्यावर उभं करतात, चपला काढून.

इथे एक सापळा आहे. ५० ची गोळी संपली म्हणून १० च्या पाच गोळ्या देऊ नका. विरघळणारी गोळी शरीरात जास्त शोषली जाते. तिचे ३० मिलिग्रॅम हे साध्या ५० च्या जवळ जातात. अदलाबदल घरी करायची नाही.

विरघळवताना साधारण दोन चमचे स्वच्छ पाणी घ्या, अर्ध्या तासात पाजा आणि मग त्याच वाटीत थोडं पाणी घालून तेही पाजा; तळाला औषध राहतं. पावसाळ्यात बाटलीतली दमट हवा शोषणारी पुडी काढून टाकू नका, आणि बाटली चुलीजवळ किंवा मोरीजवळ ठेवू नका.

१७. त्रास होतो म्हणून डोस अर्धा केला, किंवा तीनपैकी एकच औषध थांबवलं तर?

हे पूर्ण बंद करण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं. अपुरं औषध रक्तात असताना विषाणू वाढत राहतो आणि त्या औषधाला दाद देईनासा होतो. नेव्हिरापिन आणि इफाविरेन्झ तर बंद केल्यावरही कित्येक दिवस रक्तात रेंगाळतात, त्यामुळे सगळी एकदम थांबवणंही डॉक्टरांच्या हिशेबाने व्हावं लागतं. मुलाला हिपॅटायटिस बी असेल तर लॅमिव्युडिन किंवा टेनोफोविर अचानक बंद केल्याने यकृताची सूज उसळते. त्रास सहन होत नसेल तर तो त्रासच केंद्रात सांगा. बदलायला पर्यायी औषधं आहेत.

१८. औषध सुरू करून महिना झाला आणि काखेत गाठ सुजली, ताप आला. औषध सोसत नाही का?

उलट असू शकतं. औषधाने प्रतिकारशक्ती जागी झाली की शरीरात दबा धरून बसलेल्या जंतूंवर ती तुटून पडते. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत हे घडतं. बाळांत बीसीजीची लस दिलेल्या बाजूच्या काखेत गाठ सुजते. मोठ्या मुलांत लपलेला क्षयरोग उघड होतो. एआरटी सहसा चालू ठेवूनच उपचार करतात. गाठ कुठेही कापून घेऊ नका, आधी केंद्रात दाखवा.

१९. मुलाला क्षयरोगाची औषधं किंवा दम्याचा पंप सुरू करायचा आहे. काही अडचण?

दोन्हीत आहे. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन डोल्युटेग्राविरचं रक्तातलं प्रमाण पाडतं, म्हणून तोवर डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा देतात. लोपिनाविर आणि नेव्हिरापिनचंही तेच रडगाणं, त्यांचे उपाय वेगळे आहेत. लघवी केशरी झाली तर ते रिफाम्पिसिनचं काम, घाबरू नका. फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटोइन आणि फेनोबार्बिटोनही असाच घोळ करतात.

दम्याचं उलटं आहे. मूल रिटोनाविर असलेल्या औषधावर असेल तर फ्लुटिकासोन किंवा ब्युडेसोनाइडचा पंप, अगदी नाकातला फवारासुद्धा, रक्तात साचतो. तोंड गोल होतं, वजन वाढतं, उंची खुंटते, आणि हे एआरटीचे दुष्परिणाम समजून मूळ कारण राहून जातं. बेक्लोमेथासोन हा सुरक्षित पर्याय डॉक्टरांना विचारा.

२०. गुळवेलीचा काढा प्रतिकारशक्तीसाठी दिला तर?

नको. गुळवेलीनंतर यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, आणि डोळे पिवळे झाले तर मग दोष काढ्याचा की गोळीचा हे सुटत नाही.

२१. बाळाला एचआयव्ही झालेला नाही, तरी सिरप देत आहेत. त्याचे दुष्परिणाम?

आईकडून लागण होऊ नये म्हणून जन्मानंतर काही आठवडे नेव्हिरापिन किंवा झिडोव्युडिन देतात. एवढ्या मुदतीत मोठा त्रास क्वचितच होतो. झिडोव्युडिनने थोडा पांडुरोग येतो आणि औषध संपल्यावर भरून येतो. लोपिनाविरचं सिरप पहिल्या १४ दिवसांत आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला देत नाहीत. त्यातलं अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल त्याला पचत नाही.

२२. गावातल्या डॉक्टरांना किंवा शाळेला सांगावंच लागतं का?

शाळेला नाही. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आजाराची माहिती संमतीशिवाय उघड करता येत नाही आणि त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. डॉक्टरांना सांगावं असं आमचं मत आहे, कारण वर पाहिलंत तसं एका साध्या पंपाने किंवा उलटीच्या औषधाने घोळ होतो. आजाराचं नाव घ्यायचं नसेल तर किमान औषधांची चिठ्ठी दाखवा. दुष्परिणामाची नोंद पालकही करू शकतात: औषध-दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. एचआयव्हीबद्दल इतर प्रश्नांसाठी १०९७.

२३. सुट्टीत गावी गेलो आणि आठवडाभर गोळ्या राहिल्या. परत आल्यावर नेहमीसारखं सुरू करू का?

एखादा डोस राहिला तर आठवताच द्या, दुप्पट करू नका. सलग काही दिवस राहिले असतील तर आधी फोन करा, कारण दोन औषधं इथे अडचण करतात. नेव्हिरापिन काही दिवस बंद राहिलं तर पुन्हा पंधरा दिवस अर्ध्या मात्रेपासून सुरू करावं लागू शकतं. आणि अबाकाविर: ज्या मुलांना पूर्वी काहीच झालं नव्हतं, त्यांच्यातही खंडानंतर पुन्हा सुरू करताना क्वचित तीव्र प्रतिक्रिया आलेली आहे. म्हणून पहिला डोस रुग्णालय जवळ असेल अशा ठिकाणी आणि दिवसा द्या, कदंबच्या रात्रीच्या बसमध्ये नव्हे. पुढच्या वेळी निघताना मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभराचा जादा साठा आणि एआरटी पुस्तिका सोबत घ्या; मुक्काम लांबला तर जवळच्या एआरटी केंद्रातून औषध मिळण्याची सोय आपल्या केंद्राकडून आधीच करून घेता येते.